पावसाळा, घाम आणि हेअर पॅच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून लागला की गोव्यात हेअर पॅच, म्हणजे टकलावर चिकटवायचे तयार केस, वापरणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात आणि त्या जवळपास सारख्याच असतात. कपाळावरची कड सुटली, कडेखाली पांढरे दिसते, डोक्याला वास येतो, खाज थांबत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत यातले बरेचजण पॅच कपाटात टाकतात आणि ‘आपल्या हवेत हे चालत नाही’ असे चारचौघांत सांगतात. केस बसविण्याचे काम करणारे म्हणून आम्ही ठामपणे सांगतो, ते चालते. मात्र कोरड्या हवेच्या शहरातले वेळापत्रक इथे लावून चालत नाही, आणि ग्राहकाला हे सांगायची तसदी विकणारे फारसे घेत नाहीत. टक्कल पडलेला माणूस आधीच संकोचलेला असतो, तो फार प्रश्न विचारत नाही. त्याच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

पॅचचे (आम्ही त्याला युनिटही म्हणतो) दोन भाग, बेस म्हणजे डोक्यावर बसणारा पातळ तळ, आणि त्यावर गाठींनी बांधलेले केस. तो किती टिकणार हे मुख्यतः बेस ठरवतो. लेसचा बेस म्हणजे बारीक जाळी. तिच्यातून हवा खेळते, घाम बाहेर पडतो, कपाळावरची रेघ नैसर्गिक दिसते. पण गाठी नाजूक असल्याने तीन-चार महिन्यांत केस विरळ होऊ लागतात. मोनो ही त्याहून जाड, राठ जाळी. ती सहा महिने किंवा अधिकही चालते, पण समोरची कड जवळून ओळखू येते आणि एप्रिल-मेमध्ये टाळूला टोचते. तिसरा प्रकार पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे थिन स्किन. हा पारदर्शक पापुद्रा ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर जाडीचा मिळतो. ०.०३चा महिना-दीड महिन्यात फाटतो, ०.०८चा दोन-तीन महिने जातो. तो साफ करायला सर्वांत सोपा, पण हवा अजिबात जात नाही. घाम आत कोंडला की ग्लू पांढरा पडून सरकू लागतो.

गोव्यासाठी आमची शिफारस मिश्र बेसची आहे. मधे लेस, समोर लेस, दोन्ही बाजूंना आणि मागे पीयूची पट्टी. बाजारात हा क्यू-सिक्स नावाने मिळतो. मधल्या जाळीतून डोके श्वास घेते आणि पट्टीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप नीट बसतो व नीट निघतो. घाम खूप येणाऱ्याने किंवा दिवसभर उन्हात काम करणाऱ्याने पूर्ण थिन स्किनच्या वाटेला जाऊ नये, दुकानात तो कितीही सुंदर दिसो.

केसांच्या बाबतीत ‘शंभर टक्के ह्यूमन हेअर’ एवढे ऐकून थांबू नये. दक्षिणेतल्या देवस्थानांत भाविक अर्पण करतात ते केस लिलावातून बाजारात येतात; तिरुमलाचे नाव यात सर्वांना ठाऊक आहे. मूळ आणि टोक एका दिशेने राखलेले असे केस रेमी म्हणून विकले जातात. फण्यांतून आणि जमिनीवरून गोळा केलेल्या केसांची ही दिशा हरवलेली असते, म्हणून आम्लाने त्यांचे बाहेरचे खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा थर चढवतात. नवे असताना ते फारच मुलायम लागतात. चार-पाच वेळा धुतल्यावर थर निघून जातो आणि मानेजवळ गुंता व्हायला लागतो. एक केस बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे बोट फिरवावे, किंचित खरखर लागली पाहिजे. युनिटमधले पांढरे केस मात्र बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात, कारण माणसाचा पांढरा केस उन्हात पिवळट होतो. त्यावर स्ट्रेटनर फिरवला तर धागा आखडून भुरभुरीत होतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

पहिल्या पॅचमध्ये सर्वाधिक फसगत होते ती दाटपणात. कॉलेजात होते तेवढे केस पंचेचाळिसाव्या वर्षी मागितले जातात आणि विकणाराही ते आनंदाने देतो. मग आरशात टोपी घातल्यासारखे दिसते. चाळिशीनंतर ८० ते ९० टक्के डेन्सिटी, म्हणजे केसांची दाटी, पुरे. समोरच्या अर्ध्या इंचात त्याहूनही कमी हवी आणि तिथल्या गाठी ब्लीच केलेल्या, म्हणजे रंग उडवून फिक्या केलेल्या हव्यात, नाहीतर कपाळावर काळे ठिपके दिसतात. भुवयांच्या मधून केसांच्या रेघेपर्यंत साधारण चार बोटे, म्हणजे सात-साडेसात सेंटिमीटर अंतर ठेवावे. भुवया वर उचलल्यावर सर्वांत वरची आठी जिथे उमटते, त्याच्या खाली रेघ येता कामा नये. कपाळाचे दोन्ही कोपरे थोडे मागे गेलेले असू द्यावेत. पन्नाशीच्या चेहऱ्यावर सरळ, खाली उतरलेली रेघ लगेच डोळ्यात भरते.

माप डोळ्यांनी घेऊ नये. डोक्यावर क्लिंग फिल्म ताणून बसवावी, त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे आडवे-उभे थर द्यावेत आणि मार्करने टकलाची हद्द आखून तो साचा कापून घ्यावा. तयार मिळणारा आठ बाय दहा इंचांचा बेस याच साच्याला लावून कापतात. बाजूचे व मागचे आपले केस बसविण्याआधी निदान तीन-चार सेंटिमीटर वाढू द्यावेत. ते अगदी बारीक कापलेले असले तर नव्या केसांशी मेळच बसत नाही आणि मधे पायरी दिसते.

आता चिकटवण्याकडे येतो, कारण गोव्यात खरी अडचण इथे आहे. इथे वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. पाण्यावर आधारित ग्लू लावताना पांढरा असतो आणि आतले पाणी उडून गेले की पारदर्शक होतो, मगच तो पकड घेतो. कोरड्या हवेत एका थराला चार-पाच मिनिटे लागतात. इथे पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटे झाली तरी कडेला दुधाळपणा राहतो. घाईत त्यावर युनिट दाबले की ते पाणी आतच अडकते. दुसऱ्या दिवशी बेस हलतो, चौथ्या दिवशी पुढची कड सुटते. म्हणून पावसाळ्यात हे काम एसी चालू असलेल्या खोलीत किंवा ड्रायरच्या थंड हवेवर करावे. एक जाड थर देण्यापेक्षा तीन-चार अगदी पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय पुढचा लावू नये. ग्लूची पट्टी कडेने दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असली की पुरते. लेसवर ग्लू जास्त झाला तर तो जाळीतून वर येऊन केसांच्या मुळांत चिकटतो आणि मग तो काढताना गाठी सुटतात.

ज्याला एवढी उस्तवार जमणार नाही त्याने जून ते सप्टेंबर बाजूंना आणि मागे टेप वापरावा, कारण टेपला सुकायची गरज नसते. पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या पीयूवर लावाव्यात. दोन पट्ट्यांत एक-दोन मिलिमीटर फट सोडावी. एकावर एक चढल्या तर तिथे उंचवटा येतो आणि पाणी तिथूनच शिरते. समोर टेप लावलाच तर तो कडेपासून दोन मिलिमीटर आत ठेवला की चमकत नाही.

बसवायच्या आधी टाळूची तयारी नीट झाली नाही तर महागातला ग्लूही फुकट जातो. पॅचखालचा भाग ट्रिमरने शून्यावर आणावा, पण हा साफ केलेला भाग युनिटच्या कडेबाहेर जाऊ देऊ नये. शाम्पूने डोके धुऊन पूर्ण सुकवावे, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन मिनिटे थांबावे, मग स्काल्प प्रोटेक्टरचा, म्हणजे टाळूची त्वचा जपणाऱ्या द्रवाचा, पातळ हात द्यावा आणि तोही सुकू द्यावा. नाकाच्या रेषेत एक आणि दोन्ही कानशिलांकडे एकेक अशा तीन खुणा आयलायनर पेन्सिलीने कराव्यात. युनिटचा पुढचा भाग मागे दुमडून आधी कड खुणांवर टेकवावी आणि तिथून मागे मागे दाबत जावे. ताणू नये. ताणून बसविलेली जाळी हळूहळू आपल्या मापावर परत येते आणि समोरची कड उचलते. सगळीकडे फणीच्या पाठीने दाबावे, पंधरा-वीस मिनिटे कापडाची पट्टी बांधावी. पुढचे चोवीस तास पाणी, व्यायाम आणि हेल्मेट बंद.

हिवाळ्यात ग्लू दोन-तीन आठवडे टिकतो. पावसाळ्यात सात ते दहा दिवसांनी काढून साफ करावाच लागतो. ‘महिनाभर काही बघायला नको’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वास येतो तो केसांमुळे नव्हे, तर बेसखाली साचलेला घाम, तेल आणि मृत त्वचा यांमुळे येतो, आणि त्यातच पुढे बुरशी धरते.

काढताना ओढायचे नाही हा एक नियम सर्वांनी पाठ करावा. कपाळावर टॉवेलची घडी बांधून डोळे सांभाळावेत, कडेने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून तीन-चार मिनिटे थांबावे, मागून हळूहळू उचलत लहान ब्रशने आत अल्कोहोल सोडत जावे. ते लगेच पेट घेते, म्हणून गॅस, समई, उदबत्ती जवळ नको. उरलेला चिकटा संत्र्याच्या सालीच्या तेलाच्या रिमूव्हरने निघतो, पण ते तेलकट असते. नंतर बेस आणि टाळू दोन्ही शाम्पूने धुतले नाहीत तर नवा ग्लू दोन दिवसांत सुटतो, आणि दोष ग्लूच्या माथी येतो. बेस साफ करताना रिमूव्हर लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि प्लास्टिकच्या कडेने निपटून काढावा. लेस चोळली की गाठी सैल होतात. शक्य असेल तर टाळूला एक रात्र मोकळी मिळू द्यावी.

खोबरेल तेलाबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण आपल्या घरांत डोक्याला तेल हे ठरलेलेच. तेलाने ग्लू विरघळतो. बाजूच्या केसांना लावलेले तेलही उष्णतेने पातळ होऊन कडेखाली जाते. युनिटच्या फक्त टोकांना सीरमचा एखाद-दुसरा थेंब चालतो, त्यापलीकडे काही नको. शाम्पू सल्फेट नसलेला, आठवड्यातून एक-दोनदा. केस न चोळता मुळाकडून टोकाकडे हात न्यावा. कंडिशनर मधल्या भागापासून टोकांपर्यंतच लावावा, गाठींना लागला तर केस सुटतात. फणी टोकापासून सुरू करून वर वर यावी. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर केस तांबूस होतात, तिथे शेवटचे पाणी गाळलेले घ्यावे. तसेही आपल्या उन्हात महिना-दीड महिन्यात रंग लालसर व्हायला लागतोच. अमोनिया नसलेला रंग बेसला न लावता फक्त केसांवर लावावा. घरात आणलेली डाय डोक्यावर थापली तर ब्लीच केलेल्या गाठी पुन्हा काळ्या होतात आणि समोरची रेघ कायमची बिघडते.

समुद्रात पोहता येते. मीठ केस कोरडे करते आणि वाळू जाळीत अडकते, म्हणून बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवावे आणि ओले केस विंचरू नयेत. तरणतलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावला की क्लोरिन कमी शोषले जाते. शिगमोत, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, गुलाल जाळीत जाऊन बसतो आणि पाणी लागले की पसरतो. आधी कोरडाच झटकून ब्रशने काढावा, मगच धुवावे. फेटा बांधून मिरवणुकीत उतरणाऱ्यांचे केस सुरक्षित राहतात, इतरांनी पातळ टोपी घालावी. हेल्मेटखाली सॅटिनची पातळ टोपी हवी, पट्टा पूर्ण सैल करून हेल्मेट सरळ वर उचलावे. मोटारसायकल पायलटांनी (दुचाकीवरून भाडे नेणाऱ्यांनी) आणि दिवसभर फिरतीवर असणाऱ्यांनी समोर लेसच्या खाली थोडी अधिक पकड देणारा टेप घ्यावा. रात्री उशीला सॅटिनचा अभ्रा, आणि ओल्या केसांनी झोपणे वर्ज्य.

क्लिपा लावून पॅच बसविण्याची पद्धत अजून आहे. रोज रात्री काढता येतो हा तिचा फायदा. पण क्लिपा ज्या केसांना धरतात तेच केस ताणाने मुळापासून जातात आणि टक्कल वाढते. क्लिपांची जागा दर थोड्या दिवसांनी बदलावी. एमआरआय काढायचा असेल तर धातूच्या क्लिपांचा पॅच आधी उतरवावाच लागतो. झटपट चिकटणारा घरगुती गोंद कोणत्याही परिस्थितीत टाळूवर वापरू नये.

पहिला महिना मनाला जड जातो आणि याची कल्पना आधी दिलेली बरी. डोके घट्ट आवळल्यासारखे वाटते, ते आठ-दहा दिवसांत कमी होते. हात सारखा कडेकडे जातो. वारा आला, कोणी मागे उभे राहिले, पाऊस लागला की धडधडते. आरशात कपाळ अरुंद वाटते, कारण डोळ्यांना मोठ्या कपाळाची सवय झालेली असते. ग्लू सुकलेला असेल तर वाऱ्याने पॅच उडत नाही. सुट्टीला लागून बसवून घ्यावा, पहिले दोन दिवस घरातच काढावेत. लग्न किंवा चवथ यांच्या आदल्या दिवशी बसवून घेणे टाळावे. निदान तीन-चार आठवडे आधी बसवला की कड, रंग, लांबी यांत दोन दुरुस्त्या करायला वाव राहतो आणि मनही स्थिरावते. लोकांना काय सांगायचे हे ज्याने त्याने ठरवावे, पण घरात लपवू नये. मागची कड आपल्याला दिसत नाही, ती रोज कोणीतरी पाहून सांगणारे हवे. आपले केस वाढतात, पॅचचे वाढत नाहीत, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बाजू कापून घ्याव्या लागतात. गावच्या न्हाव्याला विश्वासात घेऊन सांगितले तर तो हे उत्तम करतो. फक्त पॅचवर विरळ करण्याची कात्री चालवू देऊ नये.

डोक्यावर जखम, सोरायसिस, बुरशी असताना पॅच चिकटवू नये. नवा ग्लू किंवा टेप आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला ४८ तास लावून पाहावा. ग्लू-टेपमधल्या ॲक्रिलिकची ॲलर्जी असणारे लोक आहेत आणि ती पुढेही कधी उद्भवू शकते. पुळ्या, चिकट पाणी, जळजळ दिसली की पॅच काढून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. मिनॉक्सिडिल हे केस वाढविण्याचे औषध लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ते पॅचखाली लावता येत नाही आणि कडेला लागले तर ग्लू सोडवते.

आमची मागणी आता मांडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि उत्तर व दक्षिण गोव्यात जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, जिथे कुठे हे काम चालते, तिथे प्रत्येक बिलावर बेसचा प्रकार आणि पीयू असल्यास जाडी, केस रेमी आहेत की नाहीत, डेन्सिटी, वापरलेल्या ग्लूचे किंवा टेपचे नाव, अपेक्षित आयुष्य किती महिने आणि सर्व्हिसचा, म्हणजे पॅच काढून, साफ करून पुन्हा बसविण्याचा, दर एवढे लिहिलेले असावे. युनिटची किंमत भागिले तेवढे महिने, अधिक महिन्याच्या सर्व्हिसचे पैसे, हा खरा खर्च ग्राहकाने खुर्चीत बसण्याआधी कागदावर मांडून पाहावा. पावसाळ्यात महिन्याला चार सर्व्हिस धराव्यात. मापाप्रमाणे नवे युनिट बनून यायला दोन-अडीच महिने लागू शकतात, म्हणून दुसऱ्याची मागणी पहिले बसविले त्याच सुमारास नोंदवावी आणि ती तारीखही बिलावर घालून घ्यावी.

आपले नम्र,
केस बसविणारे दोन कारागीर, फोंडा व म्हापसा